फुगणाऱ्या बोर्डाची दुसरी खेप

ती. बाबा,
शि. सा. नमस्कार.

मागे फोनवर तुम्ही विचारलंत, "लाकडाचा तुकडा कुठे ना कुठे लागतो, एमडीएफच्या कापांचं करायचं काय?" तेव्हा मला नीट सांगता आलं नाही. गेले तीन महिने कारखान्यात याच कामावर, म्हणजे एमडीएफच्या (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या बोर्डाच्या) कापांपासून पुन्हा बोर्ड करण्याच्या कामावर आहे, म्हणून आज सविस्तर लिहिते.

एमडीएफवरचा तुमचा राग मला पाठ आहे: पाणी लागलं की फुगतो. बाबा, नेमक्या त्याच खोडीमुळे तो पुन्हा कामाला येतो! आत लाकडाचे बारीक तंतू असतात आणि वजनाच्या साधारण १० टक्के युरिया-फॉर्मल्डिहाइडचं रेझिन, म्हणजे तंतू धरून ठेवणारा गोंद. हे रेझिन एकदा घट्ट झालं की तापवून वितळत नाही. पण उष्णता आणि ओल एकत्र मिळाली की त्याची पकड सुटते. म्हणून काप भिजवून दाबाखालच्या वाफेत धरतात. बोर्ड फुगतो, उसवतो आणि हाती ओल्या कापसासारखे तंतू येतात. पहिल्यांदा ते मुठीत घेतले तेव्हा तुमचीच आठवण झाली.

नुसतं दळून हे जमत नाही. तंतू तुटून भुकटी होते, तिला रेझिन जास्त लागतं आणि बोर्ड मात्र कच्चा निघतो. वाफेचाही अंदाज लागतो: जास्त झाली की तंतू ठिसूळ आणि काळपट, कमी पडली की गुठळ्या राहतात.

पुढे ते सुकवून ताज्या तंतूंत मिसळायचे, रेझिन मारायचं, थर पसरून २०० अंशांच्या आसपास तापलेल्या प्रेसमध्ये दाबायचा. जुन्या रेझिनचा अंश उरतोच. त्यामुळे नवं रेझिन घट्ट व्हायचा वेळ बदलतो आणि जुन्या तंतूंचं प्रमाण जपून वाढवावं लागतं.

खरी डोकेदुखी सनमायका आणि एज बँडची, म्हणजे कडेला चिकटवलेल्या पट्टीची. स्क्रू चुंबक ओढून घेतो, पण सनमायकातलं मेलामाइन रेझिन वाफेला सहजी दाद देत नाही आणि प्लास्टिकच्या पट्टीचे बारीक तुकडे तंतूंत अडकून बसतात.

म्हणून सांगते, कोरे काप आणि सनमायका लावलेले काप पहिल्यापासून वेगळे ठेवा. एकदा मिसळले की निवडणं फार अवघड. आणि एमडीएफ शेकोटीत मुळीच घालू नका, तो धूर विषारी असतो. कापतानाही मास्क लावत जा, बाबा. ती धूळ फार बारीक असते.

आईला नमस्कार.

तुमची लेक