किटवरची दुसरी रेघ

देवगड

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

एचआयव्हीच्या लसीच्या चाचणीत निरोगी स्वयंसेवक म्हणून नाव द्यायचं म्हणतोस. आजीने लगेच विचारलं, ‘नातवाक तो रोग लागाचो नाय मा?’ नाही लागत. निरोगी माणसाला टोचतात त्या लसीत आख्खा विषाणू नसतोच. त्याच्या जनुकांचे नाहीतर प्रथिनांचे तुकडे असतात, बरेचदा दुसऱ्या निरुपद्रवी विषाणूच्या पाठीवर बसवलेले. देशातली पहिली चाचणी २००५ साली पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत ३० जणांवर झाली, तीही अशाच लसीची.

माझी काळजी वेगळी आहे. एचआयव्ही तपासायच्या किटच्या खाचेत रक्तजलाचा थेंब घातला की ‘सी’समोर रेघ येते. किट चालू आहे एवढंच ती सांगते. ‘टी’समोर दुसरी रेघ उमटली तर प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूशी लढायला शरीर बनवतं ती, सापडली. आता लसीचं कामच प्रतिपिंडं तयार करणं. ती रोगाने आली की लसीने, हे किट कुठून ओळखणार? खात्रीसाठी दुसऱ्या, तिसऱ्या कंपनीचं किट लावलं तरी उत्तर तेच येऊ शकतं, कारण शोधतात सगळी तीच प्रतिपिंडं. काही लसींनंतर ही रेघ वर्षानुवर्षं उमटत राहते. खरं-खोटं करते ती न्यूक्लिक ॲसिड चाचणी, कारण ती प्रतिपिंडांऐवजी विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याची जनुकंच, शोधते.

तुला जहाजावर जायचंय. मेडिकलमध्ये दुसरी रेघ आली तर तिथला माणूस चाचणीबिचणी ऐकत बसणार नाही. मंडळाच्या शिबिरात रक्तदानही बंद. म्हणून संमतिपत्रावर सही करण्याआधी विचार: चाचणी संपल्यावर किती वर्षं ते फुकट आरएनए तपासून देतील? मेडिकलसाठी पत्र देतील का? स्वयंसेवकाच्या ओळखपत्रावर कोणाचा फोन असेल? उत्तरं लेखी घे. देशातल्या चाचण्यांच्या नोंदवहीतला नोंदणी क्रमांक ‘सीटीआरआय’ने सुरू होतो, तोही टिपून ठेव.

चाचणी चालू असताना बाहेर कुठे एचआयव्ही तपासू नकोस. काहींना लस टोचतात, काहींना नुसतं मीठपाणी. रेघ दिसली तर तुला काय मिळालं ते कळेल, आणि ते शेवटपर्यंत तुलाही नको कळायला, डॉक्टरलाही नको.

आणि लस घेतली म्हणजे कवच मिळालं असं मुळीच धरू नकोस. २००७ मध्ये एक मोठी चाचणी मध्येच थांबवली, कारण लस घेतलेल्या काही पुरुषांत उलट जास्त लागण दिसली. थायलंडमध्ये १६ हजारांवर लोक होते, तिथे बचाव जेमतेम ३१ टक्के. कंडोम सोडायचा नाही. आईने लिहिलं म्हणून लाजू नकोस.

बाकी सोपं आहे. आधी तपासण्या: हिमोग्लोबिन, यकृत, मूत्रपिंड, कावीळ बी आणि सी, एचआयव्ही. डोसनंतर अर्धा-एक तास तिथेच बसवून ठेवतात. मग साधारण सात दिवस रोज ताप मोजून डायरीत लिहायचा. पोरं चुकतात ती इथेच: अंग दुखलं की आधी क्रोसिन घेतात, मग थर्मामीटर लावतात. ताप लिहिलाच गेला नाही तर डोस जास्त होतोय हे त्यांना कळणार कसं? पुढच्या गटाला वाढीव डोस द्यायचा की नाही, ते या डायऱ्यांवरच ठरतं. गोळी घ्यायचीच असेल तर ताप मोजून घे, आणि वेळ लिही.

रक्त द्यायला दिलेल्या वेळीच जा. त्यातल्या पांढऱ्या पेशी काही तासांत वेगळ्या करून गोठवाव्या लागतात. उशीर झाला की बिनबर्फाच्या बांगड्यासारखी गत, नमुना फुकट. मधेच सोडावंसं वाटलं तर सोड, कारण सांगावं लागत नाही. फक्त टोचलेलं परत काढता येत नाही, म्हणून सोडल्यावरही तपासणीला जात राहा.

गणपतीला येणार असशील तर कणकवलीचं तिकीट काढण्याआधी डोसच्या तारखा विचार. ते सात दिवस चतुर्थीत यायला नकोत. तारखा कळल्या की फोन कर.

– आई