कार्यशाळेच्या चालू खर्चासाठी निधी : चाकरमानी, माजी विद्यार्थी आणि उद्योजकांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

चिपळूण परिसरात आमची शिक्षणसंस्था वरिष्ठ महाविद्यालयाच्या जोडीने कम्युनिटी कॉलेज चालवते. दहावी-बारावीनंतर ज्यांना तीन वर्षांची पदवी परवडत नाही किंवा नको आहे, ज्यांचे शिक्षण मध्येच सुटले आहे, किंवा जे हंगामात बागेत आणि काजूच्या कारखान्यात कामाला जाऊन उरलेल्या वेळात शिकू इच्छितात, अशांसाठी येथे एक वर्षाचे पदविका अभ्यासक्रम आहेत : वेल्डिंग व फॅब्रिकेशन, रेफ्रिजरेशन व वातानुकूलन, वायरिंग व सौर संच, आणि डिझेल इंजिन दुरुस्ती. हे अभ्यासक्रम विनाअनुदानित असल्यामुळे शिक्षकांचे मानधन, वीजबिल आणि साहित्य हा सगळा खर्च विद्यार्थ्यांच्या शुल्कातून आणि देणग्यांतून भागवावा लागतो. येत्या शैक्षणिक वर्षासाठी १५ लाख रुपयांचा निधी उभारण्याचे विश्वस्त मंडळाने ठरवले आहे आणि त्यासाठीच हे निवेदन आपल्यापुढे ठेवत आहोत.

हा निधी इमारतीसाठी नाही, हे सुरुवातीलाच सांगायला हवे. कार्यशाळेची शेड आहे, तिला दार-खिडक्या आहेत, वीजजोडणी आहे. कोकणातला माणूस गावच्या कामाला देताना हात आखडता घेत नाही, हे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो आहोत. गावोगावच्या शाळांच्या खोल्या आणि मंदिरांचे सभामंडप मुंबईकर मंडळांच्या वर्गणीतून उभे राहिले आहेत. परंतु आम्हाला ज्या वस्तू हव्या आहेत, त्या वापरल्या की संपतात. त्यांच्यावर देणगीदाराचे नाव कोरता येत नाही, त्यांचे उद्घाटन होत नाही, आणि बहुधा म्हणूनच त्यांच्यासाठी पैसे मिळणे फार कठीण जाते. तांत्रिक शिक्षण मात्र याच वस्तूंवर उभे असते.

वेल्डिंगचेच पाहा. हाताला वळण लागायचे तर रॉड, म्हणजे वितळून सांधा भरणारी धातूची कांडी, जाळावा लागतो, त्याला दुसरा मार्ग नाही. ३.१५ मिलिमीटरचा एक रॉड मिनिट-दीड मिनिटात संपतो. सुरुवातीच्या दिवसांत मुलाचा रॉड पट्टीला चिकटतो, आर्क (रॉड आणि पट्टी यांच्यामधली विजेची ज्योत) तुटतो, हात पुढे धावतो किंवा एकाच जागी रेंगाळतो. चिपिंग हॅमरने वरचा स्लॅग, म्हणजे कडक झालेली मळी, उडवला की खाली टाका, म्हणजे जोडाची रेघ, दिसतो, तो कुठे फुगलेला, कुठे कडेने खाल्लेला. शिक्षक खडूने चुकीच्या जागी खूण करतात, करंटचा आकडा थोडा कमी-जास्त करायला लावतात आणि नवी पट्टी देतात. सपाट टाका जमला की आडवा, मग उभा, मग डोक्यावरचा, आणि सर्वांत शेवटी पाइपचा, ज्यात एकाच सांध्यात या सगळ्या दिशा येतात. लोटे परशुरामच्या रासायनिक कारखान्यांत पाइपलाइनच्या कामावर जायचे असो वा आखाती देशात, उमेदवाराची परीक्षा कागदावर होत नाही. त्याने जोडलेला तुकडा कापून यंत्राखाली वाकवतात आणि टाक्यात भेग गेली तर त्याला घरी पाठवतात. त्यात आपला पावसाळा. जून ते सप्टेंबर हवेतली ओल रॉडच्या आवरणात शिरते आणि अशा रॉडने घातलेल्या टाक्यात बारीक छिद्रे राहतात, त्यामुळे रॉड आधी भाजून कोरडे करण्यासाठी ओव्हन लागते. आमचे ओव्हन आता दुरुस्तीपलीकडे गेले आहे.

साहित्य कमी पडले की शिक्षकांना तुकडीचे गट करावे लागतात. एक जण वेल्डिंग मारतो आणि बाकीचे काळ्या काचेतून पाहत उभे राहतात. पाहून वेल्डिंग येत नाही. वर्षअखेरीस प्रमाणपत्र मात्र सर्वांना सारखेच मिळते, आणि ज्याच्या हातून पुरेसे रॉड जळलेले नाहीत तो मुलगा पहिल्याच कारखान्यात चाचणीला नापास होतो. अशी प्रमाणपत्रे देणे आम्हाला मान्य नाही. निधी पुरेसा जमला नाही तर तुकडी लहान करू, प्रवेश कमी देऊ, पण सराव कमी करणार नाही, असा निर्णय आम्ही घेतला आहे, आणि तुकडी लहान होऊ नये ही आमची कळकळीची इच्छा आहे. म्हणून १५ लाखांपैकी ७ लाख रुपये रॉड, पट्ट्या, पाइप, गॅस, वायर, तांब्याची नळी, चामड्याचे हातमोजे, एप्रन आणि सुरक्षा बूट अशा खपणाऱ्या साहित्यासाठी राखून ठेवले जातील. ओव्हनची खरेदीही यातूनच होईल.

पाच लाख रुपये रेफ्रिजरेशन विभागाला हवे आहेत, आणि त्यामागचे कारण वेगळे आहे. येथे सरावासाठी असलेली यंत्रे आर-२२ या थंडावा देणाऱ्या वायूवर चालणारी आहेत. ओझोनच्या थराला अपाय करणारा हा वायू माँट्रियल करारानुसार भारतात २०३० पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद होत आहे, आणि बाजारात येणारे नवे एसी बहुतांश आर-३२ वर, काही आर-२९० वर चालतात. हे दोन्ही वायू पेट घेऊ शकतात. आर-२९० म्हणजे प्रोपेनच. जुन्या सवयीने, खोलीची हवा खेळती आहे की नाही हे न पाहता नळी तापवायला घेतली तर कारागिराच्या जिवावर बेतते. वायू हवेत न सोडता परत सिलिंडरमध्ये भरून घेणारे रिकव्हरी यंत्र, चांगला व्हॅक्युम पंप, गळती शोधणारे उपकरण आणि नव्या वायूवरचे दोन सराव संच एवढे मिळाले, तर येथून बाहेर पडणारी मुले सुरक्षितपणे काम करतील. दाभोळ-हर्णैची मासळी, बर्फाचे कारखाने, आंब्याचा पल्प, गुहागर-दापोलीची हॉटेले या सगळ्यांना थंडाव्याची यंत्रे लागतात आणि ती बिघडली की आज मेकॅनिक दुरून बोलवावा लागतो. तोपर्यंत माल थांबत नाही, नासतो.

डिझेल विभागातही थोडीफार हीच अडचण आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ या प्रदूषण-मर्यादेच्या मानकाची वाहने रस्त्यावर आली आणि आम्ही मात्र जुन्या पंपाचे इंजिन उघडून शिकवत आहोत. यासाठी पैशांपेक्षा एखादे चालू स्थितीतले बीएस-६ इंजिन आणि त्यातला बिघाड वाचणारा स्कॅनर कोणी दिला तर अधिक उपयोग होईल.

आपल्या गावात हुन्नर जाणणारी माणसे नसली तर काय होते, हे गेल्या काही वर्षांनी आपल्याला दाखवले आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगडच्या घरांची छपरे नेली. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी आणि शिव नदीचे पाणी चिपळूण शहरात शिरले आणि पाणी ओसरल्यावर घरोघरी विजेचे बोर्ड, मोटारी, फ्रिज चिखलाने भरलेले होते. त्या दिवसांत धान्य आणि कपडे राज्यभरातून आले. मोटार उघडून, वाळवून, पुन्हा चालू करून देणारा माणूस मात्र मिळत नव्हता, आणि जे मोजके होते ते रात्र-रात्र काम करूनही पुरे पडत नव्हते. सौर संचांचेही तसेच आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र शासनाने एक कोटी घरांच्या छपरांवर सौर संच बसवण्याची योजना सुरू केली. पण कौलारू छपरावर, समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्याला टिकेल असा सांगाडा बसवणे हे इथल्या घरांची रचना माहीत असलेल्या कारागिराचेच काम आहे.

उरलेले तीन लाख रुपये विद्यार्थ्यांच्या शुल्कसाहाय्यासाठी आहेत. दसपटीतल्या वाड्यांतून सकाळच्या एस.टी.ने येणाऱ्या मुलांचा पास आणि दुपारचे खाणे धरले, तर शुल्काचा दुसरा हप्ता बहुतेकदा घरच्यांच्या आवाक्याबाहेर जातो. गेल्या वर्षी वायरिंगच्या तुकडीतील एक मुलगी याच कारणाने दिवाळीनंतर यायची थांबली. शिक्षक घरी गेले तेव्हा ती काजू फोडण्याच्या कामावर होती. पाना-पक्कड मात्र तिने पिशवीत घालून जपून ठेवली होती. शुल्काची व्यवस्था झाल्यावर ती परत आली आणि उत्तीर्णही झाली. ज्या मुलांच्या घरी आम्ही वेळेत पोहोचत नाही, ती परत येत नाहीत. मुलींच्या बाबतीत हे अधिक खरे आहे, म्हणून साहाय्याचा निम्मा भाग मुलींसाठी ठेवला आहे.

छोट्या रकमांनी असे काम होते का, अशी शंका कोणाला येईल. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करण्याची कल्पना मांडली, लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिले, आणि त्या पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना उभा राहिला. कारागीर शिकवून तयार करणे हा त्या कारखान्याचा हेतू होता आणि तेथे शिकलेली माणसे पुढे इतर काच कारखान्यांत गेली. रयत शिक्षण संस्थेची वसतिगृहे घरोघरच्या मूठभर धान्यावर चालली. आम्हीही दरमहा ५०० रुपये देणारे देणगीदार मोठ्या संख्येने मिळावेत असा प्रयत्न करत आहोत, कारण साहित्य दर महिन्याला लागते आणि नियमित येणाऱ्या रकमेवर खरेदीचे वेळापत्रक आखता येते. अर्थात एकरकमी देणगीचेही मनःपूर्वक स्वागत आहे.

लोटे आणि खेर्डी औद्योगिक वसाहतींतील उद्योजकांना दोन विनंत्या आहेत. कंपनी कायद्यानुसार सामाजिक उत्तरदायित्वाचा खर्च ज्यांना बंधनकारक आहे, त्यांनी व्यावसायिक कौशल्यशिक्षणासाठी आमचा विचार करावा. दुसरे असे की, तीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार कायद्याखाली उमेदवार घ्यावेच लागतात; त्यांतल्या काही जागा आमच्या मुलांसाठी खुल्या कराव्यात. पट्ट्या व पाइपांचे कापून उरलेले तुकडे भंगारात काढण्याऐवजी सरावासाठी दिले तरी आमचा बराच खर्च वाचेल. मात्र ज्यांचे सुटे भाग मिळत नाहीत अशी बंद यंत्रे कृपया पाठवू नयेत, ती ठेवायलाही जागा नाही.

माझगाव डॉकमधून, परळच्या रेल्वे वर्कशॉपमधून, बेस्टमधून किंवा पोफळीच्या वीजगृहातून निवृत्त होऊन गावी आलेल्या मंडळींकडे आम्ही पैसे मागत नाही. तुमच्या हातात चाळीस वर्षांचे काम आहे. आठवड्यातून एक सकाळ कार्यशाळेत येऊन मुलांच्या शेजारी उभे राहिलात, तर त्याची किंमत कुठल्याही धनादेशाहून मोठी आहे.

देणगी धनादेशाने किंवा बँकेमार्फत संस्थेच्या नावाने द्यावी आणि पावती अवश्य घ्यावी. दोन हजार रुपयांहून अधिक रोख देणगीवर प्राप्तिकराची सवलत मिळत नाही, आणि नव्या करप्रणालीची निवड केलेल्यांनाही ती लागू होत नाही, हे ध्यानात घ्यावे. संस्थेकडे विदेशी देणग्या स्वीकारण्यासाठीची नोंदणी नाही. त्यामुळे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या आप्तांकडून रक्कम स्वीकारता येणार नाही. परदेशात राहणारे भारतीय नागरिक आपल्या बचतीतून, नेहमीच्या बँक व्यवहाराने देणगी पाठवू शकतात. या निधीचे खाते वेगळे ठेवले आहे. कोणते साहित्य किती आले आणि किती खपले याची नोंदवही कार्यशाळेतच असते, ती कोणत्याही देणगीदाराला पाहता येईल, आणि दर तिमाहीचा जमाखर्च सूचनाफलकावर लावला जाईल.

जुलैत नव्या तुकड्या सुरू होतात आणि साहित्याची खरेदी पावसाआधी करावी लागते, म्हणून शक्य असेल त्यांनी मे अखेरपर्यंत आपला वाटा पाठवावा. शिमग्याला किंवा मेच्या सुटीत गावी याल, तेव्हा सकाळी दहा ते एकच्या दरम्यान कार्यशाळेत जरूर या. त्या वेळी तुकड्या कामावर असतात. मुलांशी बोला, नोंदवही पाहा आणि मगच काय द्यायचे ते ठरवा.

आपले नम्र,
अध्यक्ष, कार्यवाह आणि विश्वस्त मंडळ