लहान अनुदानाच्या अटीही लहान असाव्यात : आरोग्य व समाजकल्याण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री महोदय,
सार्वजनिक आरोग्य व समाजकल्याण

विषय : स्थानिक सेवाभावी संस्थांना लोकांच्या आरोग्यकार्यासाठी मिळणाऱ्या लहान अनुदानांच्या अटींबाबत

माननीय महोदय,

गेली १८ वर्षे मी लहान सेवाभावी संस्थांचे हिशेब लिहिते. ज्या संस्थांकडे पगारी माणूस एकही नसतो, किंवा असलाच तर अर्धवेळ एखादा असतो, त्यांच्या अनुदानाचा अर्ज भरण्यापासून उपयोगिता प्रमाणपत्रावर (अनुदान ठरलेल्या कामासाठीच खर्च झाल्याच्या दाखल्यावर) लेखापरीक्षकांची सही घेण्यापर्यंतचे काम माझ्याकडे येते. शासनाचा पैसा लोकांपर्यंत पोचताना वाटेत कुठे अडतो, हे मी भाषणांतून नव्हे तर व्हाउचरच्या फाइलींतून पाहिले आहे आणि त्याच आधारावर हे पत्र लिहीत आहे. माझी मागणी एकच आहे, तिचे पदर दोन आहेत : अनुदान जितके लहान, तितक्याच त्याच्या अटी लहान असाव्यात, आणि त्या पैशातून काम करणाऱ्या माणसाला मानधन देण्याची मुभा असावी.

लहान संस्थांचे आरोग्यकार्य म्हणजे मोठ्या योजनांच्या कडेला लावलेली झालर नाही. जागतिक आरोग्य संघटनेची घटना १९४८ पासून अमलात आहे आणि तिच्यातच आरोग्याची व्याख्या केवळ रोगाचा अभाव अशी न करता शारीरिक, मानसिक आणि सामाजिक स्वास्थ्य अशी केलेली आहे. १९८६ च्या आंतरराष्ट्रीय परिषदेत स्वीकारलेल्या ओटावा सनदेने आरोग्यवर्धनाची जी पाच कार्यक्षेत्रे सांगितली, त्यांत लोकसमूहांची स्वतःची कृती बळकट करणे हे एक स्वतंत्र क्षेत्र आहे. पुढे २०१० मध्ये १४८ अभ्यासांचा आणि तीन लाखांहून अधिक व्यक्तींच्या माहितीचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. ज्यांचे सामाजिक संबंध घट्ट असतात त्यांची जगण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे ५० टक्क्यांनी अधिक असते, असे त्यात आढळले. असे संबंध औषधाच्या दुकानात मिळत नाहीत आणि मोठ्या रुग्णालयालाही ते पुरवता येत नाहीत. कोणीतरी आठवड्याच्या ठरलेल्या दिवशी दार उघडते, सतरंजी अंथरते आणि न आलेल्याची चौकशी करते, म्हणून ते टिकतात.

झिम्बाब्वेतील हरारे शहरातले एक उदाहरण मी आपल्यापुढे जरा विस्ताराने ठेवते, कारण लहान खर्चाच्या कामाचे इतके नेमके मोजमाप क्वचितच झाले आहे. २००६ मध्ये तिथल्या एम्बारे वस्तीत डॉ. डिक्सन चिबांडा या मनोविकारतज्ज्ञांना नैराश्याने ग्रासलेल्या लोकांसाठी काहीतरी उभे करायचे होते. त्यांना दवाखान्यात खोली मिळाली नाही आणि परिचारिकांना त्यांच्या कामातून सवड नव्हती. उपलब्ध होत्या त्या लोकांमध्ये वावरणाऱ्या १४ वयस्क आरोग्यसेविका, ज्यांना तिथे सगळे आजी म्हणत. मग दवाखान्याच्या आवारात झाडाखाली लाकडी बाक ठेवले गेले, आजींना समस्या सोडवण्याच्या संवादाचे प्रशिक्षण दिले गेले आणि काम सुरू झाले. डॉक्टरांनी योजलेल्या नावात ‘मानसिक आरोग्य’ हे शब्द होते, पण त्या नावाच्या बाकावर कोणी बसायला येणार नाही, हे आजींनीच त्यांना सांगितले आणि ते ‘मैत्रीचे बाक’ झाले. या कामाची शास्त्रशुद्ध चाचणी घेण्यात आली, तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. ५७३ रुग्णांच्या या चाचणीत, आजींशी बोललेल्या रुग्णांची लक्षणे सहा महिन्यांनंतर, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांच्या तुलनेत स्पष्टपणे कमी झालेली दिसली.

हा प्रस्ताव मी आपल्या विभागाच्या सध्याच्या नमुन्यात भरायला घेतला तर काय होईल, याचा मी अनेकदा विचार केला आहे. लाकडी बाक ‘साहित्य खरेदी’ या शीर्षाखाली मंजूर होतील, त्यांची जडसंग्रह नोंदवहीत, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या यादीत, नोंद होईल, त्यांवर क्रमांक घातले जातील. आजींच्या मानधनापुढे ‘अनुज्ञेय नाही’ असा शेरा येईल. प्रशिक्षणाला एका दिवसाची मर्यादा पडेल आणि आजींना आठवड्याला मार्गदर्शन करणाऱ्या माणसाचा खर्च प्रशासकीय समजून कापला जाईल. कामाचे नाव बदलायचे तर मूळ मंजुरीतील शीर्षकाशी विसंगती झाली म्हणून पुन्हा परवानगी मागावी लागेल. थोडक्यात, बाक येतील आणि त्यावर बसणारी बाई येणार नाही.

असे घडताना मी स्वतः पाहिले आहे. एकटे राहणाऱ्या वृद्धांसाठी एक गट दर मंगळवारी भरत असे. हलका व्यायाम, रक्तदाबाची तपासणी आणि मग तासभर गप्पा, एवढेच त्याचे स्वरूप होते. तो गट एका बाईंच्या कष्टावर चालत होता. त्या सभागृहाची किल्ली आणत, सगळ्यांची नावे त्यांना पाठ असत, आणि सलग दोन मंगळवार जो आला नाही त्याच्या घरी त्या जाऊन येत. या गटाला अनुदान मिळाले तेव्हा त्यातून खुर्च्या, ध्वनिक्षेपक आणि फलक घेता आले. बाईंच्या येण्याजाण्याचा खर्च बसवायला मात्र एकही शीर्ष नव्हते. पुढे त्यांना घरखर्चासाठी दुसरीकडे नोकरी धरावी लागली आणि तीन महिन्यांत गट बंद पडला. खुर्च्या अजून शाबूत आहेत, दरवर्षी मी त्या मोजते आणि नोंदवहीत संख्या बरोबर असल्याचे लिहिते. महोदय, माझ्या सगळ्या हिशेबांत मला सर्वांत जास्त दुःख देणारी नोंद ती आहे.

वस्तूवर केलेला खर्च दिसतो, मोजता येतो आणि तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याला दाखवता येतो, म्हणून नियम वस्तूंकडे झुकतात, हे मी समजू शकते. पण लोकांच्या स्वास्थ्याचे काम माणूसच करतो, आणि ज्याला सेवाभाव म्हणून आपण गौरवतो तो माणूस बहुतेक वेळा स्वतःच्या पोटाला चिमटा घेऊन तो भाव जपत असतो. मानधन म्हणजे सेवाभावाचा अवमान, अशी एक समजूत आपल्या समाजात आणि आपल्या कार्यालयांत खोल रुजलेली आहे. ती समजूत चुकीची आहे, असे मी विचारपूर्वक म्हणते.

दुसरा अडसर पैशाच्या वेळेचा आहे. ‘आधी खर्च करा, पावत्या जोडा, मग प्रतिपूर्ती होईल’ ही पद्धत ज्या संस्थेच्या बँकखात्यात वर्षभराची शिल्लक असते तिला परवडते. लहान संस्थेला ती परवडत नाही. एका प्रकल्पात कार्यकर्त्यांनी आपापसांत उसनवारी करून नऊ महिने काम चालवले. शेवटचा हप्ता काम संपल्यावर १४ महिन्यांनी आला, आणि तोवर मंजुरीचा कालावधी उलटून गेल्याने त्यातला काही भाग अखर्चित ठरवून परत मागण्यात आला. उसने दिलेल्यांपैकी दोघांनी पुन्हा कधीही अशा कामात भाग घेतला नाही. सुरुवातीलाच बहुतांश रक्कम आगाऊ द्यावी आणि थोडा भाग अहवालानंतर द्यावा, इतका साधा बदल केला तरी ही हानी टळेल.

यावर गैरव्यवहाराचा आक्षेप येतो, आणि तो मी हलक्यात घेत नाही. सार्वजनिक पैशाचा प्रत्येक पैसा हिशेबात असलाच पाहिजे. या पत्राची लेखिका उपजीविकेसाठी तेच काम करते. मात्र मोठ्या बांधकामाच्या निविदेसाठी लागणारे कागद महिनाभराच्या व्यायामवर्गाकडून मागितल्याने गैरव्यवहार थांबत नाही. ज्याला कागद रंगवता येतात तो ते रंगवतो, आणि ज्याला फक्त काम करता येते तो अर्जच करत नाही. त्याऐवजी प्रत्येक फेरीतील काही संस्था सोडतीने निवडून त्यांच्या कामाला पूर्वसूचनेशिवाय भेट द्यावी, आणि प्रत्येक अनुदानाची रक्कम, उद्देश व खर्च त्याच वस्तीतल्या सार्वजनिक फलकावर लावावा. शेजाऱ्यांइतका कडक लेखापरीक्षक मी पाहिलेला नाही.

लहान अनुदानांचा कारभार नीट चालवता येतो, याचा दाखला आंतरराष्ट्रीय पातळीवरही आहे. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमामार्फत पर्यावरणासाठी १९९२ पासून लोकसमूहांना थेट लहान अनुदाने दिली जातात. त्यांची निवड प्रत्येक देशातील एक समिती करते आणि तिच्यात बिगरसरकारी सदस्यांचे बहुमत असते. तिथे स्थानिक भाषेतला प्रस्ताव चालतो, इतकेच नव्हे तर ज्यांना लिहिता येत नाही अशांना चित्रफितीतून प्रस्ताव मांडण्याचीही सोय ठेवलेली आहे. आपल्या योजनेत अर्ज लिहिण्याचे कौशल्य हीच पहिली चाळणी होऊन बसली आहे. परिणामी अनुदाने वारंवार त्याच त्या संस्थांकडे जातात, ज्यांना अर्जाची भाषा अवगत असते, आणि ज्या वस्त्यांत गरज सर्वाधिक आहे तिथून अर्जच येत नाहीत.

मंजुरीनंतर खर्चाच्या शीर्षांत फेरबदल करण्याची मोकळीकही हवी. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केले तेव्हा लोकांची पहिली मागणी औषधांची नव्हती, ती अन्नाची आणि पिण्याच्या पाण्याची होती. त्यांनी ती ऐकली, आणि गावातल्याच स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून घडवत उभे राहिलेले त्यांचे काम जगभर अभ्यासले गेले. अर्ज भरताना जे ठाऊक नसते ते काम सुरू झाल्यावर लोक सांगतात, आणि ते ऐकून बेत बदलणाऱ्या संस्थेला आपले नियम आज दोषी ठरवतात.

मुदतीबद्दलही विनंती आहे. मंजुरीपत्र हाती येईपर्यंत आर्थिक वर्षाचे काही महिने निघून गेलेले असतात, आणि उरलेल्या काळात लोक जमवून, सवयी बदलून, परिणाम दाखवून अहवाल द्यायचा असतो. इंग्लंडमध्ये लंडनच्या बुशी पार्कमध्ये २ ऑक्टोबर २००४ रोजी दर आठवड्याच्या मोफत धावण्याचा एक उपक्रम सुरू झाला, त्या दिवशी धावणारे अवघे १३ जण होते. आज तो वीसहून अधिक देशांत चालतो. पहिल्या सहा महिन्यांची उपस्थिती हाच निकष लावला असता तर कोणत्याही निवड समितीला तो पुढे चालू ठेवण्याजोगा वाटला नसता. म्हणून लहान अनुदान किमान तीन वर्षांसाठी असावे, रक्कम वाढवणे शक्य नसेल तर तीच रक्कम तीन वर्षांत विभागून द्यावी. अहवालात किती जण आले याबरोबरच किती जण परत परत आले हेही विचारावे, कारण त्यातूनच कामाची मुळे कळतात. काही प्रकल्प फसतील. ते का फसले हे प्रामाणिकपणे लिहिणाऱ्या संस्थेला पुढच्या वेळी अपात्र ठरवू नये.

एक गोष्ट स्पष्ट करणे मला आवश्यक वाटते. अशी अनुदाने आरोग्य केंद्रांची, डॉक्टरांची किंवा औषधांची जागा घेऊ शकत नाहीत, आणि त्यांच्या नावाखाली त्या सेवांची तरतूद कमी केली जाऊ नये. प्राथमिक आरोग्यसेवेवरील आंतरराष्ट्रीय परिषदेच्या १९७८ च्या आल्मा-आटा जाहीरनाम्याने आरोग्यसेवेच्या नियोजनात व अंमलबजावणीत सहभागी होणे हा लोकांचा हक्क आणि कर्तव्य आहे असे म्हटले, त्याच जाहीरनाम्याने लोकांच्या आरोग्याची जबाबदारी शासनावरही ठेवली. हरारेचे बाकसुद्धा दवाखान्याच्या आवारातच होते, आणि ज्याचे दुखणे आजींच्या आवाक्याबाहेरचे असेल त्याला पुढे पाठवण्याची सोय त्यामागे होती.

मी जे मागते आहे त्यासाठी नवा कायदा लागणार नाही. एका ठरावीक रकमेखालील अनुदानांसाठी दोन पानांचा अर्ज, मानधनासाठी स्वतंत्र शीर्ष, आगाऊ हप्ता, तीन वर्षांची मुदत, आणि अर्ज नाकारल्यास त्याचे लेखी कारण, एवढे आपल्या सहीच्या एका परिपत्रकाने होऊ शकते. ते परिपत्रक पुढच्या फेरीची जाहिरात निघण्याआधी यावे, ही कळकळीची विनंती.

मंगळवारचा तो गट पुन्हा सुरू करण्याचे काही वृद्धांनीच मनावर घेतले आहे, आणि त्या बाई आठवड्यातले दोन दिवस द्यायला तयार आहेत. त्यांचा अर्ज पुढच्या फेरीत मलाच भरायचा आहे. खुर्च्यांची गरज नाही, असे मी त्यात लिहिणार आहे. बाईंच्या मानधनापुढे काय लिहायचे, हे मात्र आपल्या उत्तरावर अवलंबून आहे.

आपली विश्वासू,
लहान संस्थांचे हिशेब लिहिणारी एक कार्यकर्ती