‘चालती-बोलती प्रेतं’ आणि माझी आत्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपण मेलोच आहोत असं माणसाला वाटायला लावणाऱ्या आजारावरचा, रविवारच्या पुरवणीतला ‘चालती-बोलती प्रेतं’ हा लेख वाचला. कालच लिहिणार होतो, पण म्हटलं राग जरा निवळू दे. निवळला नाही.

लेखकानं दोन ठिकाणी ‘जर्मन मानसशास्त्रज्ञ कोटार्ड’ असं लिहिलं आहे. ज्यूल कोतार फ्रेंच होता. मज्जासंस्थेचा डॉक्टर, त्याच विषयातल्या शार्को या नामवंत फ्रेंच डॉक्टरच्या हाताखाली तयार झालेला. नावाचं सोडा, आमच्या आडनावांचं तुम्ही काय करता तेही बघतोच आहोत. पण १८८० साली पॅरिसमध्ये त्यानं जिची हकीकत मांडली, ती ४३ वर्षांची बाई काय म्हणत होती? मला मेंदू नाही, छाती नाही, पोट नाही, नुसती कातडी नि हाडं उरलीत. देव नाही, सैतान नाही. मला जेवायची गरज नाही आणि मरणही येणार नाही. कोतारनं पुढे याला ‘नकारांचा भ्रम’ म्हटलं. त्याचं स्वतःचं नाव लोकांनी मागाहून जोडलं. यात लेखाच्या चित्रातला, कबरीतून वर येणारा तो हिरवा हात कुठून आला? पाव पान खाल्लंय त्यानं!

हे इतकं लागायचं कारण माझी आत्या. निवृत्त शिक्षिका. २०१८ च्या पितृपक्षानंतर तिनं जेवण सोडलं. “आतडी वाळली रे, घास जाणार कुठं?” एका दुपारी गॅलरीच्या कठड्यावर कावळा येऊन बसला. तिनं माझ्या आईला अगदी सहज विचारलं, “वहिनी, शिवला का गं?” आईच्या हातातली वरणाची पळी तशीच राहिली.

नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी तिला बँकेत नेलं. खिडकीतले साहेब म्हणाले, “आजी, अंगठा ठेवा.” आत्या म्हणाली, “गेलेल्या माणसाचा अंगठा चालतो का तुम्हाला?” रांगेतले हसले. मीही हसलो, ते अजून डाचतं. मशीननं तीनदा अंगठा नाकारला, तेव्हा ती माझ्याकडे वळून म्हणाली, “बघ, याला कळलं. तुम्हालाच कळत नाही.” (म्हाताऱ्या माणसांचे झिजलेले अंगठे न ओळखणाऱ्या या यंत्रांबद्दल वेगळं पत्र लिहीन. छापाल अशी आशा नाही.)

डॉक्टरांनी तीव्र नैराश्य सांगितलं आणि शॉक सुचवले. आम्ही तीन आठवडे नाही म्हणत राहिलो. का? तर तुमच्या लेखात आहे तसलंच वाचून. ‘विजेचे झटके देण्याचा अघोरी मार्ग’ म्हणे! अहो, भूल देतात, स्नायू सैल करणारं इंजेक्शन देतात. त्याशिवाय शॉक द्यायला २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानंच मनाई आहे. तुमच्या लेखकानं एखाद्या डॉक्टरला फोन केला असता तर एवढं कळलं असतं. त्या तीन आठवड्यांत आत्याचं वजन सहा किलोनं उतरलं. चौथ्या शॉकनंतर तिनं आमटीचा भुरका मारला आणि म्हणाली, “मीठ कोण घालणार?” आई स्वयंपाकघरात जाऊन रडली.

लेखाच्या शेवटी कोतारच्या ‘गूढ मृत्यू’चा उल्लेख आहे. कसलं गूढ? मुलीला घटसर्प झाला. हा पंधरा दिवस तिच्या उशापासून हलला नाही. पोरगी वाचली, याला लागण झाली आणि १८८९ मध्ये, ४९ व्या वर्षी हा गेला. लेखात छापण्यासारखं काही होतं तर ते हे. पण तिथं केसांच्या तेलाची जाहिरात आहे.

आत्या आता ८१ वर्षांची आहे. लेख तिनंही वाचला. मला वाटलं बोलेल काहीतरी. तिची तक्रार वेगळीच निघाली, आणि ती कळवण्याची मला ताकीद आहे : शब्दकोड्याची उत्तरं गेले दोन रविवार छापलेली नाहीत, शिवाय या वेळी आडवा ९ चार अक्षरी म्हटलाय आणि घरं पाच दिली आहेत.

कळावे.
आपला,
एक वर्गणीदार, सातारा