मशीनचा आवाज थांबला की

आइंडहोवन, नेदरलँड्स
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

ती. आईस,
शि. सा. नमस्कार.

पाकीट बघून घाबरू नकोस, आम्ही तिघंही बरे आहोत. इथली एक मैत्रीण दिवाळीला कोल्हापूरला निघालीय, वाटेत सांगलीत थांबणार आहे, तिच्या हाती हे देतेय. फोनवरच बोलले असते, पण आपला फोन कायम स्पीकरवर असतो आणि भोवती बाबा, दादा, वहिनी सगळे. हे मला आधी तुझ्या एकटीशी बोलायचंय. दिवाळीची ब्लाऊजं हातावेगळी झाली की सावकाश वाच.

आधी माझं सांगते, कारण ते मी तुझ्यापासून लपवलं. फेब्रुवारीत मी तुला "सर्दी-ताप आहे" म्हणाले होते, तो ताप नव्हता. सात आठवडे मी कामावर नव्हते. एका सकाळी लॅपटॉप उघडला आणि समोरची ओळ चारदा वाचूनही अर्थ लागेना. हात गार पडले. रडू आलं ते थांबेचना. तुमच्या जावयांनी मला वर नेऊन झोपवलं आणि त्यांनीच ऑफिसला कळवलं.

हे एका दिवसात झालेलं नव्हतं. लॉकडाऊनपासून माझे आठवड्यातले तीन दिवस तरी घरूनच काम. बसायची जागा म्हणजे जेवणाचं टेबल. आमची अर्धी टीम बेंगळुरूला. थंडीत इथे सात वाजतात तेव्हा तिकडे साडेअकरा झालेले असतात, म्हणून सातलाच पहिली मीटिंग. संध्याकाळी अमेरिकेतली माणसं जागी होऊन बसलेली, त्यांच्याबरोबर सातपर्यंत. मधे दुपारी छोट्याला शाळेतून आणायचं, वॉशिंग मशीन लावायचं, कुकर चढवायचा. या कामांत गेलेला वेळ माझ्या मनावर कर्जासारखा बसायचा आणि तो फेडायला रात्री नऊनंतर पुन्हा लॅपटॉप. जेवायच्या वेळी तो नुसता बाजूला सरकवायचा, बंद करायचा नाही. डिसेंबरात इथे सूर्य पावणेनऊच्या सुमाराला उगवतो आणि साडेचारला मावळतो. छोट्याला शाळेत सोडायचं-आणायचं काम जावयांकडे असे त्या दिवशी मी दाराबाहेर पाऊलही टाकलेलं नसायचं.

इथली एक गोष्ट मला फार मोलाची वाटली. आजारी आहे म्हटल्यावर काय झालंय हे साहेबाला विचारताच येत नाही, कायद्यानंच मनाई आहे. कंपनीनं नेमलेला डॉक्टर असतो, त्याच्याशी बोलायचं आणि ते त्याच्यापाशीच राहतं. दोन वर्षांपर्यंत निदान सत्तर टक्के पगार द्यावाच लागतो. त्यामुळे घराचा हप्ता कसा भरायचा ही काळजी तरी डोक्यावर नव्हती.

माझ्या डॉक्टर साधारण तुझ्या वयाच्या. त्यांनी झोपेचं, जेवणाचं विचारलं आणि मग म्हणाल्या, "आजचं काम संपलं, हे तुला कशावरून कळतं?" मला उत्तरच देता येईना. घरी येईपर्यंत तेच डोक्यात आणि रात्री एकदम तुझं मशीन आठवलं.

आई, आपल्या घरात काम ऐकू यायचं. मी आणि दादा पुढच्या खोलीत अभ्यासाला बसायचो आणि आत तुझं पायमशीन चालू असायचं. एका लयीत चालत असेल तर तू लांब शिवण घालतेयस, आता हाक मारायची नाही. थांबून थांबून चालत असेल तर बाहीची गोलाई, किंवा कटोरी लावतेयस, तेव्हा तर मुळीच नाही. बॉबिन संपली की मशीन थांबायचं आणि तेवढ्यात आम्ही सगळं उरकून घ्यायचो: सहीची वही, सहलीचे पैसे, दादानं मारलं ही तक्रार. दिवेलागणीला तू मशीनवर लाकडी झाकण ठेवायचीस. त्या ठक् आवाजाबरोबर तू आमची व्हायचीस. लग्नसराईत आणि दिवाळीत जेवणानंतर झाकण पुन्हा निघायचं, पण निघालंय हे घरभर कळायचं. दसऱ्याला मशीनला झेंडूचा हार आणि दिवसभर सुटी. वर्षातला तो एकच दिवस तू सबंध आमच्यात बसलेली आठवतेस.

माझ्या लॅपटॉपला आवाज नाही. मी त्यावर कामाची अडचण सोडवत असेन किंवा नुसती बातम्या वाचत असेन, बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. म्हणून छोट्यानं स्वतःपुरता मार्ग काढला. तो घरात कायमच कुजबुजत बोलायला लागला. रविवारीसुद्धा. बागेत गेला की मोठ्यानं ओरडणार, दारात पाय ठेवला की आवाज खाली. पाच वर्षांच्या मुलानं हे नेमकं कधी सुरू केलं, मला सांगता येत नाही. हे लिहितानाही घशाशी येतंय.

आता मी काय केलंय ते सांगते. माळ्यावर छपराच्या खिडकीखाली एक छोटं टेबल लावलं, लॅपटॉप खाली आणायचा नाही. घरून काम असेल तरी सकाळी छोट्याला सायकलवरून शाळेत सोडते, येताना डोमेल नदीच्या काठानं लांबचा रस्ता घेते आणि मग जिना चढते. सातची मीटिंग बंद केली. आठवड्याचे चाळीस तास होते, ते बत्तीस करून मागितले. इथे २०१६ पासून कायदा आहे, निदान सहा महिने नोकरी झाली असेल तर तास कमी-जास्त करून मागता येतात आणि सबळ कारण असल्याशिवाय मालकाला नाही म्हणता येत नाही. पगार त्या मानानं कमी झाला, पण इथे चार दिवस काम करणारे इतके आहेत की कुणी वेगळं बघत नाही. बुधवारी दुपारी छोट्याची शाळा लवकर सुटते, तो सगळा दिवस आता आमचा. आणि संध्याकाळी साडेपाचला लॅपटॉप मिटला की त्यावर तू दिलेला खणाचा तुकडा घालते. मग जिन्याच्या वरूनच मोठ्यानं सांगते, "झालं रे!" आता तो खालून ओरडून उत्तर देतो. ओरडू दे.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते.

गेल्या महिन्यात फोनवर तू सहज म्हणालीस, "वहिनी काय, घरीच असते, तिला कसली दगदग?" तू रागानं म्हणाली नव्हतीस, मला माहीत आहे. पण ते वाक्य मी आपल्या घरात आधीही ऐकलंय आई. ते तुला म्हटलं जायचं. आत्या म्हणायची, शेजारच्या काकू म्हणायच्या, कधीकधी बाबाही म्हणायचे. घरीच तर असतेस, म्हणून पाहुणे न सांगता यायचे. घरीच तर असतेस, म्हणून भर दुपारी कुणीतरी मापाचं ब्लाऊज घेऊन दारात, "ताई, एवढे दोन हूक लावून द्या, मी थांबते." त्या दोन हुकांचे पैसे कुणी दिले नाहीत. रात्री स्वयंपाकघर आवरून तू पुन्हा मशीनवर बसायचीस आणि माझ्या कॉलेजची फी त्यातून निघाली. २०१९ च्या पुरात पाणी गल्लीत शिरलं तेव्हा बाबांनी आणि दादानं आधी तुझं मशीन माळ्यावर चढवलं, मग टीव्ही. म्हणजे घर कशावर चालतं हे कळायला सगळ्यांना इतकी वर्षं लागली, पण कळलं.

वहिनीचं काम ऐकू येत नाही, एवढाच फरक आहे. तिची ड्युटी दुपारी दीड ते रात्री साडेदहा, क्लायंट अमेरिकेचा. त्यामुळे सकाळ मोकळी असं सगळ्यांना वाटतं आणि सहापासून दीडपर्यंतचं सगळं तिच्यावर येतं: डबा, नाष्टा, दोन्ही वेळची भाजी, देवाची भांडी. चारला बाबांचा चहा, तेव्हा ती मीटिंगमध्ये असते. साडेआठला पानं घ्यायची, तेव्हा तिकडे अमेरिकेत सकाळ होऊन खरी गडबड सुरू झालेली असते. साडेदहाला लॅपटॉप मिटून ती ओटा आवरते. जूनमध्ये आम्ही आलो होतो तेव्हा पंधरा दिवस मी हे डोळ्यांनी बघितलं आणि तेव्हा काही बोलले नाही, त्याचं मला वाईट वाटतं. २०१९ साली सरकारनं देशभर पाहणी करून दिवसाच्या चोवीस तासांचा हिशोब मांडला होता. स्वतःच्या घरची कामं करणाऱ्या बाईची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जात होती, पुरुषाची ९७. वहिनीचे पाच तास नऊ तासांच्या नोकरीत मिळव आणि बघ.

वहिनी आता जिथून काम करते त्याच खोलीतून दादा लॉकडाऊनमध्ये बँकेचं काम करायचा. तेव्हा तू मिक्सर लावायच्या आधी दारातून डोकावून विचारायचीस, "लावू का रे?" मला ते फार आवडायचं. वहिनीच्या वेळेला कुणी विचारत नाही. मीही त्यातलीच. भाजणीचं प्रमाण विचारायला मी तिला भारतातल्या तीन वाजता फोन केलाय, कितीदा तरी. तिनं प्रत्येक वेळी उचलला, हळू आवाजात प्रमाण सांगितलं आणि मी हसून ठेवला.

कंपनीनं किती वाजेपर्यंत काम सांगावं हे आपल्या हातात नाही. कामाची वेळ संपल्यावर फोन-मेलला उत्तर न देण्याचा हक्क फ्रान्सनं २०१७ पासून कायद्यात घातलाय. आपल्या बारामतीच्या सुप्रिया सुळ्यांनीही तसं खासगी विधेयक २०१८ मध्ये लोकसभेत मांडलं होतं, पण त्याचा कायदा झाला नाही. होईल तेव्हा होवो. उंबऱ्याच्या आतले नियम मात्र आपलेच आहेत, आणि आपल्या घरात ते तूच ठरवतेस.

म्हणून तुझ्याकडे तीन गोष्टी मागते. बाबांचा चारचा चहा बाबांनी स्वतः करावा. त्यांना येतो, तू आजोळी गेलीस की ते करायचे आणि आलं ठेचून घालायचे. रात्रीची पानं दादानं घ्यावीत आणि ओटाही त्यानंच आवरावा. त्याच्याशी मी वेगळं बोलणार आहे, तू फक्त मधे पडून त्याच्या हातातलं भांडं काढून घेऊ नकोस. त्या वेळी तुझा जीव खालीवर होईल हे मला ठाऊक आहे.

तिसरी गोष्ट तूच करू शकतेस. वहिनीच्या खोलीच्या कडीला अडकवायला एक लाल तुकडा शिवून दे. अस्तराचं उरलेलं कापड चालेल, वितीएवढं, वर एक नाडी. तुकडा बाहेर लटकत असेल तर ती मीटिंगमध्ये आहे, नसेल तर हाक मारायची. तिनं स्वतःहून लावलं तर घरात वेगळा अर्थ निघेल. तू शिवून तिच्या हातात दिलंस तर निघणार नाही. आणि रात्री तिनं तो काढून आत ठेवला की मग तिच्याशी जरा बोल. कामाचं विचार. ती औषधांच्या कंपन्यांच्या हिशोबाचं काहीतरी करते आणि फार छान समजावून सांगते, तुला शिवणातली मापं जशी तोंडपाठ तसे तिला ते आकडे. तुमच्या दोघींचं जमेल असं मला पहिल्यापासून वाटत आलंय.

तुझ्यावर ठपका ठेवतेय असं मनात आणू नकोस. घरात बसून कमावणाऱ्या बाईचं काय होतं हे आपल्या घरात तुझ्याइतकं कुणालाच माहीत नाही, म्हणूनच हे दादाला किंवा बाबांना न लिहिता तुला लिहिलं.

मैत्रिणीबरोबर एक कात्री पाठवतेय, आठ इंची, पाती जाड आहेत, खणाचे दोन पदर एका दमात कापते. छोट्यानं तुझं मशीन काढलंय तो कागदही पाकिटात आहे. चाक उलट्या बाजूला आलंय, चालवून घे. २६ तारखेला इथली घड्याळं एक तास मागे जातील, तेव्हापासून तुझे साडेआठ म्हणजे माझे चार. वहिनीला मी आता फक्त रविवारी सकाळी फोन करीन, तसं तिला सांग.

तुकड्यासाठी रंग पक्का बघून घे, नाहीतर पहिल्याच धुण्यात दाराला डाग पडतील. आणि कडेनं पिको कर, अस्तराचे धागे फार सुटतात.

बाबांना नमस्कार, दादा-वहिनीला प्रेम.

तुझी लेक