भूशास्त्र ठेवावे की सोडावे?

चि. मुक्तास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

दुसऱ्या वर्षाला भूशास्त्र ठेवावे की सोडावे, असे तू विचारले आहेस आणि वर्गातली मुले काय बोलतात तेही कळवले आहेस: इंजिनिअरिंगला नंबर न लागलेल्यांचा हा विषय, नोकरी मिळालीच तर कुठल्या तरी खाणीवर, आणि मुलींनी तर त्या वाटेला जाऊच नये. त्यांचा असा समज व्हावा यात नवल नाही. डॉक्टर, इंजिनिअर त्यांनी घरीदारी पाहिलेले असतात. भूवैज्ञानिक बहुतेकांनी पाहिलेलाच नसतो.

तू मात्र मे महिन्याच्या उन्हात निरीक्षण विहिरीत टेप सोडून पाण्याची पातळी मोजताना मला पाहिले आहेस. विहीर खोदणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात, तो पांढऱ्या खड्यांचा दगड झिजून भुसभुशीत झाला असेल तर पाणी धरतो. त्याखालच्या काळ्या पाषाणाला भेगा नसतील, तर कितीही खोल बोअर घेतले तरी नुसता फुफाटा उडतो. शेतकऱ्याने बोअरसाठी कर्ज काढण्यापूर्वी हा फरक त्याला कोणीतरी सांगावा लागतो. तुझ्या वर्गमित्रांच्या डोळ्यांसमोर हे काम येतच नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीत भूकंपाने हजारो माणसे गेली, जुलै 2014 मध्ये माळीणवर डोंगर कोसळला. असे पुन्हा कुठे घडू शकते याचा अभ्यास करणे, कोणता उतार धोक्याचा आहे ते नकाशावर दाखवणे, हीसुद्धा याच शास्त्राची कामे आहेत, आणि ज्या मुलांना समाजाच्या उपयोगी पडायचे आहे त्यांना ती कोणी सांगत नाही याचे मला फार वाईट वाटते.

खाणीलाही नाक मुरडू नये, कारण मोबाइलच्या बॅटरीतले लिथियम खाणीतून किंवा जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यातून शोधूनच काढावे लागते. मुलींपुरते बोलायचे तर 1952 च्या खाण कायद्याने स्त्रियांना भूमिगत कामाची बंदी होती. 2019 मध्ये तांत्रिक, पर्यवेक्षणाच्या आणि व्यवस्थापनाच्या पदांसाठी दिवसपाळीत ती शिथिल झाली.

मुलांच्या बोलण्यातली एक शंका मात्र खरी आहे, आणि बाप म्हणून मलाही तिचीच काळजी वाटते. बी.एस्सी.वर भागत नाही. केंद्र सरकारच्या संयुक्त भूवैज्ञानिक परीक्षेत भूवैज्ञानिकाच्या पदासाठी पदव्युत्तर पदवी लागते, जागा मोजक्या असतात, आणि तोवर तुझ्या मैत्रिणी कमावत्या झालेल्या असतील. बोगदे, धरणे, भूजल यांची कामे करणाऱ्या खासगी कंपन्यांतही संधी आहेत, परंतु तिथे फिरतीची तयारी हवी. ही चार-पाच वर्षे धीर धरण्याची तुझी तयारी असेल, तर खर्चाचा विचार तू करू नकोस.

फॉर्म भरण्यापूर्वी विभागाच्या क्षेत्र अभ्यास सहलीला जाऊन ये, दिवसभर उन्हात नोंदी घेणे तुला आवडते का ते पाहा, आणि तुमच्या विभागातून बाहेर पडलेल्या दोघी-तिघींना गाठून त्या आज काय करतात, पगार किती मिळतो, हे संकोच न करता विचार. त्या काय म्हणाल्या ते मला सविस्तर लिही.

तुझा,
बाबा