सेल्फ बदलण्याआधी केबल तरी तपासा

मा. संपादक,

जुनी पिकअप सेल्फ (इंजिन फिरवून चालू करणारी स्टार्टर मोटर) उचलत नाही म्हटलं की सल्ला ठरलेला, बॅटरी बदला, नाहीतर सेल्फच नवीन टाका. पेपरातल्या गाड्यांच्या पानावर पण हेच वाचायला मिळतं म्हणून हे पत्र. बऱ्याचदा बॅटरी ठणठणीत असते, सेल्फ पण चांगला असतो, लोचा असतो मधल्या वायरिंगमध्ये आणि तिकडे कोणी ढुंकून बघत नाही.

आधी आवाज ऐका. चावी फिरवल्यावर कटकटकट असं भराभर वाजलं तर बॅटरी उतरलीय किंवा टर्मिनल ढिलं आहे. एकच टक् होऊन सगळं गप्प, तर जाड केबल, अर्थिंग, सोलेनॉइडचे (सेल्फला जाड करंट जोडणारा स्विच) आतले कॉन्टॅक्ट नाहीतर सेल्फचे कार्बन (आतले ब्रश). आणि हेडलाइट फुल पण सेल्फचा आवाजच नाही, तर सोलेनॉइडला जाणाऱ्या बारीक वायरची लाइन बघा म्हणजे इग्निशन स्विच, रिले, न्यूट्रल किंवा क्लचचा स्विच असेल तर तो. त्या बारीक वायरवर टेस्ट लॅम्प लावून कोणाला तरी चावी फिरवायला सांगा, लॅम्प नीट पेटला तर ती लाइन बहुतेक ओके.

खरी गोम जाड केबलमध्ये आहे. मीटर ओहमवर लावायचा, शून्य आलं की केबल पास, असंच बरेच जण करतात आणि तिथेच फसतात. आतल्या दोनचार तारा जरी धड असल्या तरी मीटर शून्याच्या आसपासच दाखवतो कारण तो नावापुरताच करंट सोडतो, सेल्फ मात्र दीडशे-दोनशे अँपिअर ओढतो, मोठं डिझेल इंजिन असेल तर अजून जास्त. 150 अँपिअरला 0.01 ओहम म्हणजे दीड व्होल्ट तिथेच खलास. म्हणून मीटर डीसी व्होल्टवर ठेवायचा, एक प्रोब बॅटरीच्या प्लस पोलवर (क्लॅम्पवर नाही हां, खुद्द शिशाच्या पोलवर), दुसरा सेल्फच्या जाड बोल्टवर, आणि सेल्फ मारायला लावायचा. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर त्या वाटेत कुठेतरी गडबड आहे, मग प्रोब एकेक जोड पुढे सरकवत बघायचं, जिथे आकडा एकदम उडी मारतो तोच जोड खराब. तसंच मायनस पोल ते सेल्फची बॉडी, इथे 0.2-0.3 व्होल्टच्या आत पाहिजे. सेल्फ मारताना बॅटरीच्याच दोन पोलमध्ये 9.6 व्होल्टच्या खाली जात असेल तर आधी बॅटरी चार्ज करून परत बघा.

जुन्या गाडीत अर्थिंगची पट्टी फार सतावते. इंजिन आणि चेसिसमधली ती विणलेली पट्टी गंजते, किंवा कोणीतरी रंग मारून त्यावरच बोल्ट आवळलेला असतो. मग करंट मिळेल त्या वाटेने जातो, सेल्फ मारल्यावर अॅक्सिलरेटरची केबल गरम लागली तर समजून जा.

आणि ते स्क्रूड्रायव्हरने सोलेनॉइड शॉर्ट करून सेल्फ मारायचं कृपा करून कोणाला शिकवू नका. तसं केलं की न्यूट्रल-क्लचचे स्विच बायपास होतात, गिअर राहिला असेल तर गाडी उडी मारून थेट अंगावर येते. तपासणी चालू असताना न्यूट्रल आणि हँडब्रेक पाहिजेच, आणि केबल खोलायची तर आधी मायनस काढायची, जोडताना ती शेवटी. पुढच्या वेळी पेपरात बॅटरीवर लिहाल तेव्हा हे अर्धा व्होल्टचे आकडे पण छापा ना.

आपला,
एक जुना पिकअपवाला वाचक